जामठ्याची आठ-एक: धोनीनं त्या दिवशी काय केलं आणि पाँटिंगनं काय सोडलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरला भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतली चौथी कसोटी झाली. तिसऱ्या दिवशी महेंद्रसिंग धोनीनं ऑफला (फलंदाजाच्या बॅटसमोरच्या बाजूला) आठ आणि ऑनला, म्हणजे लेगला (त्याच्या पायामागच्या बाजूला) एक अशी फिल्डिंग लावली आणि वेगवान गोलंदाजांकडून ऑफ यष्टीच्या बऱ्याच बाहेर चेंडू टाकून घेतले. तुमच्या घरी यावरून आजही भांडण होतं. तुमचे काका म्हणतात, हा कसोटी क्रिकेटचा गळा दाबण्याचा प्रकार होता. तुमचं म्हणणं, आपण १७२ धावांनी जिंकलो, मग बोलायचं काय शिल्लक राहतं? आणि जोडप्रश्न असा की त्याच सामन्यात चौथ्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिकी पाँटिंगनं चहापानानंतर कामचलाऊ गोलंदाज लावले, ती चूक धोनीच्या निर्णयापेक्षा मोठी होती का?

मी विदर्भात पंधरा वर्षं क्लब क्रिकेटमध्ये कर्णधारपद सांभाळलं आणि त्यानंतर मुलांना शिकवत आलो आहे. त्या शनिवारी, म्हणजे सामन्याच्या तिसऱ्या दिवशी, मी नागपूरच्या जामठा मैदानावर होतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मुद्द्याबद्दल, कारण तो मला काकांच्या मुद्द्यापेक्षा जास्त खटकतो. 'जिंकलो म्हणजे निर्णय बरोबर' हे मी माझ्या मुलांना कधीच बोलू देत नाही. निर्णय घेतला जातो त्या वेळी निकाल कोणाच्याच हातात नसतो. चौथ्या दिवशी चहाच्या सुमाराला आपला डाव असा काही कोसळला होता की सामना पार उलटू शकला असता. उलटला असता, तर तीच आठ-एक 'भित्र्या कर्णधाराची चूक' म्हणून आज सांगितली गेली असती. फिल्डिंग तीच, गोलंदाज तेच, फक्त दोन दिवसांनंतरचा निकाल वेगळा. म्हणून कर्णधाराचं माप काढायचं तर त्या सकाळी त्याच्या हातात काय होतं आणि सामन्यातून त्याला काय हवं होतं, या दोनच गोष्टी बघायच्या.

तर त्या सकाळी काय होतं?

भारत मालिकेत १-० पुढे होता. बंगळूर अनिर्णित, मोहाली ३२० धावांनी जिंकलेली, दिल्ली अनिर्णित. दिल्लीला कर्णधार कुंबळेनं निवृत्ती घेतली आणि धोनीकडे कसोटी संघ कायमचा आला. याआधी कानपूरला आणि मोहालीला त्यानं बदली म्हणून संघ सांभाळला होता. पण आपला संघ म्हणून ही पहिलीच कसोटी. गंभीरवर एका सामन्याची बंदी, त्यामुळे मुरली विजयचं पदार्पण. गांगुलीची शेवटची कसोटी, लक्ष्मणची शंभरावी. बॉर्डर-गावसकर करंडक तेव्हा ऑस्ट्रेलियाकडे होता. त्यांना तो टिकवायचा तर नागपूर जिंकावंच लागणार होतं. आपल्याला सामना अनिर्णित राहिला तरी पुरत होतं. या एका वाक्यात अर्धं उत्तर आहे.

भारतानं पहिल्या डावात ४४१ केल्या. तेंडुलकर १०९, गांगुली ८५, सेहवाग ६६, लक्ष्मण ६४, धोनी ५६. ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझा या ऑफस्पिनरनं पदार्पणातच ८ बळी घेतले आणि त्यासाठी २१५ धावा मोजल्या. उत्तरादाखल ऑस्ट्रेलियानं दुसऱ्या दिवसअखेर ४९ षटकांत २ बाद १८९ केल्या. सायमन कॅटिच शतकाच्या उंबरठ्यावर आणि सोबत माइक हसी. दोघं डावखुरे, दोघं जमलेले.

आता कागद-पेन्सिल घ्या. ४९ षटकांत १८९ म्हणजे षटकामागे साधारण ३.८६. तिसऱ्या दिवशी याच गतीनं ९० षटकं खेळले असते तर ३४७ धावा झाल्या असत्या, म्हणजे दिवसअखेर ५३६. जवळजवळ शंभराची आघाडी, दोन पूर्ण दिवस हातात आणि चेंडू वळवणारा, बळी घेणारा एक ऑफस्पिनर. मालिकेत बरोबरी करायला ऑस्ट्रेलियाला नेमकं हेच हवं होतं. धोनीनं झोपण्यापूर्वी असा हिशेब मांडला असेलच असं मी म्हणणार नाही. पण रणजी खेळलेल्या माणसाला तो मांडावा लागत नाही, तो अंगात मुरलेला असतो. आपल्याकडे बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागतो. त्यामुळे 'किती धावा' याच्याइतकंच 'किती षटकांत' हेही आपल्या पोरांना लहानपणापासून कळतं.

म्हणजे त्या सकाळी ऑस्ट्रेलियाला धावा हव्या होत्या आणि त्याहून जास्त वेळ हवा होता. धोनीनं त्यांचा वेळ काढून घेतला.

कसा काढून घेतला, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. टीका करणाऱ्यांनी ही बाजू फारशी पाहिलेलीच नसते.

कॅटिच कसा खेळायचा हे आठवा. गोलंदाज चेंडू सोडायच्या आत तो सरकत सरकत ऑफ यष्टीवर, कधी कधी तिच्याही बाहेर येऊन उभा राहायचा. त्यामुळे इतरांना ऑफ यष्टीवर वाटणारा चेंडू त्याला पायावर मिळायचा आणि तो मनगटानं मिडविकेटकडे वळवायचा. त्याच्या धावांची खाण लेगला होती. अशा फलंदाजाला ऑफ यष्टीच्या लगत चेंडू टाकणं म्हणजे त्याला जेवायला वाढणं. त्याची खाण बंद करायची तर चेंडू इतका बाहेर हवा की सरकूनही तो पायावर येऊ नये. आणि तरीही इतका बाहेर नको की पंच वाइड देतील. कसोटीत वाइडचा निकष सोपा आहे: फलंदाजाला नेहमीच्या फटक्यानं चेंडू खेळता यायला हवा. एकदिवसीय सामन्यांसारखी कडक रेघ तिथे नसते. पण हात पुरणारच नाही असा चेंडू तिथेही वाइडच. म्हणजे गोलंदाजाकडे जेमतेम वीतभर पट्टा असतो. आत आला तर लेगला मोकळं रान आहे आणि तिथे राखायला एकटा मिडऑन. बाहेर गेला तर वाइड. आखूड पडला तर कटचा चौकार, कितीही माणसं उभी असली तरी.

या पट्ट्यात दिवसभर चेंडू टाकणं सोपं वाटत असेल तर नेटमध्ये एक बूट ठेवून पाहा. माझ्याकडच्या बऱ्या मध्यमगती पोरांना मी हे करायला लावलं आहे. सहा चेंडू जमतात. दुसऱ्या षटकात एक आत येतो, तिसऱ्यात एक आखूड पडतो. झहीर खान आणि ईशांत शर्मा यांनी ते तासन्‌तास केलं. शिवाय दोघांचा स्वाभाविक चेंडू डावखुऱ्यासाठी बाहेरच जाणारा. झहीर डावरा, डावऱ्या गोलंदाजाचा ओव्हर द विकेट (टाकणारा हात यष्ट्यांच्या बाजूला ठेवून टाकलेला) बाहेर निघणारा चेंडू डावखुऱ्याला तसाच छळतो, जसा उजव्या हाताच्या गोलंदाजाचा आउटस्विंगर उजव्या फलंदाजाला. ईशांत उजव्या हातानं ओव्हर द विकेट टाकतो, म्हणजे चेंडू डावखुऱ्याच्या समोरून आडवा बाहेर जातो, आणि उजव्याला आत येणारा त्याचा नेहमीचा स्विंग इथे बाहेर जाणारा होतो. धोनीनं गोलंदाजांना त्यांच्या स्वभावाविरुद्ध काही करायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या स्वभावाला अनुसरून फिल्डिंग लावली आणि लेगची बाजू मुद्दाम उघडी टाकली.

ती उघडी बाजू म्हणजे आमिष होतं. हसीसमोर काय पर्याय होते? चेंडू सोडून द्यायचा: धोका नाही, पण धाव नाही आणि घड्याळ भारताच्या बाजूनं चालतंय. आठ जणांच्या भिंतीतून कव्हरला मारायचा: पुढे पडलेल्या, बाहेर निघणाऱ्या चेंडूवर ड्राइव्ह म्हणजे स्लिपला आमंत्रण. बाहेरून ओढून लेगला मारायचा: आतली कड लागून चेंडू यष्ट्यांवर येण्याची भीती. किंवा सरकून ऑफच्याही बाहेर उभं राहायचं. फटका खेळण्याचा खरा प्रयत्न असेल आणि चेंडू ऑफ यष्टीबाहेर पॅडला लागला असेल तर पायचीत देता येत नाही, म्हणजे तेवढा दिलासा; पण मागे लेग यष्टी उघडी पडते आणि गोलंदाजाला एकच सरळ चेंडू पुरतो. मोहात पडला तर बाद, न पडला तर वेळ गेला. दोन्हीकडून भारताचा फायदा.

सकाळी उपाहारापर्यंत पन्नास धावासुद्धा झाल्या नाहीत. मी ज्या स्टँडमध्ये होतो तिथे माणसं तशी थोडीच होती. जामठा शहरापासून दूर, वर्धा रोडवर, आणि त्या मैदानावरची ती पहिलीच कसोटी. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर सायकलवरून येणारा प्रेक्षक इथवर आलाच नव्हता. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. ते दर षटकाला म्हणायचे, "हे काय चाललंय?" कॅटिच १०२ वर झहीरच्या चेंडूवर पायचीत झाला तेव्हा ते गप्प झाले. दिवसभर बाहेर टाकत राहायचं, फलंदाजाला बाहेर बघायची सवय लावायची आणि मग एक सरळ टाकायचा, या सापळ्याचं तोंड त्या क्षणी मिटलं. पुढे ईशांतनं मायकेल क्लार्कला धोनीच्या हाती झेल द्यायला लावलं. हसी ९० वर धावबाद झाला, विजयच्या चपळाईमुळे. धावबाद होणं हा योगायोग म्हणू नका. धावाच मिळत नाहीत तेव्हा फलंदाज नसलेली धाव शोधायला लागतो, आणि त्याचे पाय क्रीजमध्ये ठरत नाहीत.

ऑस्ट्रेलियाचा डाव १३४.४ षटकांत ३५५ वर संपला. तिसऱ्या दिवशी ८५.४ षटकांत १६६ धावा आणि आठ बळी. काकांना हे आकडे जरूर वाचून दाखवा. केवळ बचावासाठी लावलेल्या फिल्डिंगनं एका दिवसात आठ गडी पडत नाहीत. दुपारनंतर हरभजन आणि अमित मिश्रा यांनी आपला वाटा उचलला, हे खरं. पण त्यांच्यासमोर आलेला फलंदाज दोन तास उपाशी ठेवलेला होता.

तरीही काकांच्या रागात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. पाहणाऱ्याला ती सकाळ नकोशी वाटली. आणि आपल्याला हे बोलताना थोडी लाजही वाटायला हवी, कारण २००१ च्या डिसेंबरमध्ये बंगळूरला आपण नेमका उलटा सूर लावला होता. इंग्लंडचा कर्णधार नासिर हुसेननं डावरा स्पिनर ॲशली जाइल्सला ओव्हर द विकेट आणून तेंडुलकरच्या पायामागे चेंडू टाकायला लावले, तासामागून तास. तेंडुलकर ९० वर कंटाळून पुढे सरसावला आणि कसोटीत पहिल्यांदा यष्टिचीत झाला. तेव्हा आपण सगळे, मीसुद्धा, म्हणत होतो की ही लढाई नव्हे, हा पळपुटेपणा. सात वर्षांनी ऑस्ट्रेलियन माणूस आपल्याबद्दल तेच म्हणाला तर रागवण्याचा हक्क आपल्याला नाही. माझं आजचं मत असं की हुसेनही बरोबर होता. त्याच्याकडे त्या खेळपट्टीवर तेंडुलकरला बाद करणारा चेंडू नव्हता, म्हणून त्यानं तेंडुलकरच्या संयमावर चेंडू टाकला. एकाला शहाणा म्हणून दुसऱ्याला भेकड म्हणता येणार नाही.

नियमाची बाजू दोन वाक्यांत. लेग साइडला, पॉपिंग क्रीजच्या (फलंदाजासमोरच्या रेघेच्या) मागे, यष्टिरक्षक सोडून दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात; १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेनं (फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकून लेगला माणसांचा घोळका ठेवण्याच्या डावपेचानं) जो धडा दिला त्यातून पुढे ही मर्यादा आली. ऑफला अशी कोणतीही मर्यादा नाही, कारण बाहेरचा चेंडू फलंदाजाला इजा करत नाही, फक्त त्याची परीक्षा घेतो.

मुंबईकर ज्याला खडूस क्रिकेट म्हणतात ते हेच. फुकट काही द्यायचं नाही. तुला हवं ते तू कमावून घे. त्या शब्दात कौतुक असतं हे मुंबईबाहेरच्यांना कधी कधी कळत नाही. रांचीचा धोनी त्या दिवशी शिवाजी पार्कच्या एखाद्या जुन्या कर्णधारासारखा वागला.

आता पाँटिंग.

८६ धावांच्या आघाडीनंतर आपली सुरुवात उत्तम झाली. सेहवाग आणि विजयनं ११६ ची सलामी दिली, सेहवागनं ९२ केल्या. मग बिनबाद ११६ वरून चहापर्यंत ६ बाद १६६. द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण, सगळे परतले. गांगुली शेवटच्या कसोटी डावात क्रेझाच्या पहिल्याच चेंडूवर शून्यावर गेला. चहाला एकूण आघाडी २५२. खेळपट्टीवर धोनी, नवा फलंदाज हरभजन. शेन वॉटसनच्या हातात जुना चेंडू बोलत होता. त्या डावात त्यानं ४२ धावांत ४ बळी घेतले. अशा वेळी कर्णधाराला फक्त एकच काम असतं: ज्यानं दार उघडलंय त्यालाच आत ढकलत राहायचं, दुसऱ्या टोकाकडून ब्रेट ली किंवा मिचेल जॉन्सनला सोडायचं आणि दहा षटकं कोणालाही श्वास घेऊ द्यायचा नाही.

पाँटिंगनं चहानंतर क्रेझाच्या जोडीला कॅमेरॉन व्हाइट, मायकेल क्लार्क आणि चक्क माइक हसी यांना आणलं. कारण ऑस्ट्रेलिया षटकांच्या गतीत बरंच मागे पडलं होतं. दिवसाला ९० षटकं, तासाला १५, हा हिशेब चुकला की दंड होतो, आणि त्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे मागे राहिल्यास कर्णधारावर बंदी येऊ शकत होती. ऑस्ट्रेलियाची पुढची कसोटी २० नोव्हेंबरला ब्रिस्बेनला न्यूझीलंडविरुद्ध होती. धोनी आणि हरभजननं १०८ धावांची भागी केली. धोनी ५५, हरभजन ५२. डाव २९५ वर संपला, लक्ष्य ३८२ चं झालं. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार ॲलन बॉर्डर यांच्यासारख्या माणसानं उघड टीका केली. पाँटिंगनं आपल्या निर्णयाची बाजू मांडली. त्याच्या मनात बंदीची भीती किती होती आणि नियम पाळण्याचा आग्रह किती, हे त्यालाच ठाऊक, आणि मी त्याच्या सचोटीवर शंका घेत नाही. मी फक्त निर्णय पाहतो.

निर्णय म्हणून तो चूक होता, आणि मोठी चूक होती. धोनीनं सामन्यातली एक गोष्ट देऊन सामन्यातलीच दुसरी गोष्ट घेतली: प्रेक्षकांची करमणूक आणि थोड्या चौकारांची जोखीम दिली, वेळ घेतला. पाँटिंगनं सामन्यातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट, म्हणजे सहा गडी बाद असलेला प्रतिस्पर्धी, देऊन सामन्याबाहेरची गोष्ट घेतली. आणि ती अशा सामन्यात, जो त्याला जिंकल्याशिवाय चालणारच नव्हता. बंदी आली असती तर ब्रिस्बेनला उपकर्णधारानं नाणं उडवलं असतं. करंडक मात्र नागपुरातच होता.

पण इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि कर्णधारपद केलेल्या माणसाला ती लगेच दिसते. चूक चहानंतर झाली असं आपण म्हणतो. खरी चूक सकाळी झाली होती. षटकं मागे पडतात ती एकेका मिनिटानं. दोन षटकांच्या मध्ये गोलंदाजाशी लांबलेली चर्चा, प्रत्येक चेंडूनंतर फिल्डिंगची हलवाहलव, सीमारेषेवर पाणी पिणारा गोलंदाज, आणि स्पिनरला एका टोकाकडून लवकर न आणणं. हे सगळं पहिल्या दोन सत्रांत साचतं आणि त्याचं बिल शेवटच्या सत्रात येतं. मी स्वतः एका स्थानिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात हेच केलं आहे. सकाळी माझा मुख्य वेगवान गोलंदाज दमात होता, म्हणून डावऱ्या स्पिनरला मी तासभर हातच लावला नाही. दुपारी पंचांनी षटकांची आठवण करून दिली, आणि समोरच्या संघाचे सात बाद असताना मला दोन्ही टोकांकडून स्पिनर लावावे लागले. आठव्या गड्यासाठी सत्तरच्या आसपास धावा गेल्या. सामना गेला. त्या संध्याकाळी मला कळलं की वेळ वाचवायचा असतो तो घाई नसताना. त्यानंतर मी प्रत्येक सत्रात पहिल्या तासाची षटकं स्वतः मोजायला लागलो. आजही माझ्या पोरांच्या कर्णधाराच्या खिशात एक छोटी वही असते.

म्हणून पाँटिंगबद्दल माझं म्हणणं त्याच्या टीकाकारांपेक्षा थोडं मवाळ आहे. चहाला तो ज्या कोंडीत होता तिथे कोणताही पर्याय महागच होता. फक्त त्यानं दोनांतला चुकीचा निवडला.

आणि समजा, त्यानं वॉटसन आणि ली यांनाच टाकत ठेवलं असतं आणि आपण २०० च्या आत गुंडाळलो असतो, तर? लक्ष्य २८०-२९० चं झालं असतं आणि चौथ्या दिवसाचा काही वेळ धरून पाचवा संपूर्ण दिवस हातात. पाचव्या दिवशी ऑस्ट्रेलिया २०९ वर बाद झालं, हेडननं ७७ केल्या, हरभजननं चार आणि मिश्रानं तीन गडी घेतले. लक्ष्य लहान असतं तर तेच फलंदाज वेगळ्या मनानं खेळले असते. तो सामना ऑस्ट्रेलियानं जिंकला असता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण जिंकण्याच्या अंतरावर नक्की आला असता. तिसऱ्या दिवशी धोनीनं जो पैसा साठवला होता तो आपल्या फलंदाजांनी एका तासात उधळला होता, आणि पाँटिंगनं तो परत केला. म्हणून म्हटलं, निकालावर बोट ठेवून वाद जिंकू नका.

या गतीच्या नियमाबद्दल एक जोड. २०१९ मध्ये आयसीसीनं कर्णधारावरची बंदी काढली आणि जागतिक कसोटी अजिंक्यपदात संघाचे गुण कापायला सुरुवात केली. मला हे न्याय्य वाटतं, कारण बिल आता सगळ्या संघाच्या नावावर येतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नला, अजिंक्य रहाणेच्या संघानं जिंकलेल्या त्या कसोटीत, ऑस्ट्रेलियाचे चार गुण गेले. अंतिम सामन्याची जागा न्यूझीलंडला गेली ती टक्केवारीच्या अगदी केसभर फरकानं. पाँटिंगची कोंडी म्हणजे नागपूरपुरती गोष्ट नाही.

आणि जामठ्याची जमीन अशा वादांना सरावलेली आहे. २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भानं केरळविरुद्ध ३७९ केल्या, दानिश मालेवारच्या १५३. केरळ ३४२ वर बाद झालं. त्यांचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर गेला तिथे सामन्याचं पारडं फिरलं. ३७ धावांची आघाडी. त्यानंतर विदर्भानं फलंदाजी सोडलीच नाही, करुण नायरच्या १३५ धावांवर ९ बाद ३७५ पर्यंत खेळत राहिले, सामना अनिर्णित ठेवला आणि तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. तेव्हाही ऐकलं, "डाव घोषित का केला नाही? जिंकायला का गेले नाहीत?" विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकरला घोषणेतून काय मिळणार होतं? करंडक हातात होता. घोषणा म्हणजे तो केरळसमोर पुन्हा टेबलावर ठेवणं. जिथे आघाडीवरच निकाल ठरलेला आहे तिथे वेळ संपवणं हेच जिंकणं. ज्यांना हे रुचत नाही त्यांनी स्पर्धेचा नियम बदलायची मागणी करावी, कर्णधाराला दोष देऊ नये.

शेवटी तुम्ही विचारलंत की आजचा कर्णधार आठ-एक लावील का. नियम आडवा येत नाही, येईल तर फलंदाज येईल. २००८ चा हसी पायात आलेला चेंडूच लेगला मारायचा. आजचा डावखुरा चेंडू पडायच्या आधीच ऑफ यष्टीबाहेर सरकतो आणि यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून फाइन लेगला उचलतो, जिथे आठ-एकमध्ये कोणीच नसतं. ऋषभ पंतनं २०२१ मध्ये अहमदाबादला जेम्स अँडरसनला नव्या चेंडूवर उलटा फिरवून स्लिपच्या डोक्यावरून चौकार मारला, तेव्हा वेगवान गोलंदाजासमोर अमुक फटका नाही, हे म्हणणं संपलं. अशा फलंदाजासमोर मी आठ-एक लावली तर फाइन लेगला एक माणूस नक्की मागे ठेवीन, म्हणजे ती सात-दोन होईल. आणि गोलंदाजाला सांगीन की तो सरकला की वीतभर पट्टा विसर, सरळ लेग यष्टीवर टाक. कॅटिचला गाठलं तसंच.